टोफूची मजबुती

टोफू या पदार्थाशी माझं काही वैर नव्हतं. मुळात ओळखच नव्हती, तर वैर कुठून येणार? सोयाबीनच्या दुधाचा, पांढरा, ओला, चौकोनी आणि स्वतःचं असं काहीही मत नसलेला हा जिन्नस आमच्या घरात आला तो सासरेबुवांमुळे, आणि त्याने माझी नोकरी, माझी शेजाऱ्यांतली पत आणि आमच्या इमारतीची लिफ्ट, तिन्ही एकदम धोक्यात आणली. लोक मला अजून जिन्यात थांबवून विचारतात की नेमकं झालं काय. म्हणून एकदा सांगून टाकतो.

सासरेबुवांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा शाळा तपासनीस होते. आयुष्यभर ते न कळवता वर्गात शिरले, शेवटच्या बाकावर बसले आणि चुका काढून निघून गेले. निवृत्त झाल्यावर शाळा सुटल्या, पण सवय कुठे सुटते? आमच्याकडे आले की पाच मिनिटांत घड्याळ पुढे आहे, नळ गळतोय आणि जावयाची पाठ वाकलीय, एवढं सांगून मोकळे होत. या खेपेला मात्र ते आले ते हृदयाच्या दुखण्यातून उठून, आणि आल्यापासून गप्पच होते. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. अण्णांचा जीव सगळा तळलेल्यात. दाताखाली काही मोडल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. ही त्यांना उकडलेल्या भाज्या आणि सूप द्यायची. ते ताटाकडे बघायचे, चमचा फिरवायचे, आणि एवढंच विचारायचे, "हे चावायचं की नुसतं आठवायचं?" मग ताट तसंच सरकवून खोलीत जायचे. नळ गळत होता, पण त्यांनी एकदाही सांगितलं नाही. तेव्हा मलाही काळजी वाटू लागली.

एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की महिना संपला की आपण आपल्या घरी जाणार. तिथे त्यांचं कोणी नाही. "तिथे कढई आहे," ते म्हणाले.

ही स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "अहो, एकटे गेले ना, तर पहिल्याच दिवशी कढई चढवतील. आणि मग मला कोणाचा तरी फोन येईल. तो फोन मला नकोय," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मी समजूत तरी घातली असती. ती नुसती भांडं पुसत राहिली, आणि ते भांडं कोरडंच होतं.

मी काही फार हळवा माणूस नाही, पण ते पुसणं मला बघवेना. मी तसाच बाहेर गेलो आणि अण्णांना म्हणालो, "तेलाशिवाय कुरकुरीत करून दाखवतो."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या भुवया हलल्या. "काय?" ते म्हणाले.

काय ते मी ठरवलंच नव्हतं. उंटावरच्या शहाण्याला निदान उंट तरी असतो. मी डोळ्यांसमोर जे दिसलं ते बोललो. फ्रिजवर एअर फ्रायर होता, हिच्या ऑफिसातल्या सोडतीत लागलेला, खोक्यातून न काढलेला. त्याच्यावर आम्ही छत्र्या ठेवत असू. आणि फ्रिजमध्ये टोफूचं पाकीट होतं, रुग्णालयातल्या आहारवाल्या बाईंच्या सांगण्यावरून आणलेलं आणि अण्णांनी बोटानं दाबून परत पाठवलेलं. "टोफू," मी म्हणालो. "बाहेरून कुरकुरीत, वर चकचकीत चटपटीत लेप."

"बघू," अण्णा म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. राहीन म्हणाले नाहीत, जाईन म्हणाले नाहीत. माझा आपला समज असा की एकदा दाताखाली काही मोडलं की ते कढईचं नाव काढणार नाहीत.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. मी बांधकामाच्या साहित्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. कुठे पूल, कुठे टाकी, कुठे इमारत उभी राहते, तेव्हा तिथलं काँक्रीट साच्यात ओतून त्याचे ठोकळे आमच्याकडे पाठवतात. आम्ही ते यंत्रात घालून चिरडतो आणि किती भाराला फुटले ते लिहितो. माझी सगळी हयात ठोकळ्यांत गेली. त्यामुळे मोबाइलवरच्या व्हिडिओत एका माणसाने टोफूचा ठोकळा बशीवर ठेवून त्यावर चमचा आपटला आणि टक्क असा आवाज आला, तेव्हा मी ताडकन सरळ झालो. त्या माणसाची भाषा मला कळत नव्हती, पण ठोकळ्याची कळली. नखानं फाटणारी, पाण्यानं गच्च भरलेली वस्तू, नुसत्या गरम हवेनं टणक कशी होते? हा प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. अण्णांचं राहणं एकीकडे. हे मला माझ्यासाठीच कळून घ्यायचं होतं.

पहिली चूक मी शिक्षणामुळे केली. अडाणी माणसाने ती केलीच नसती. काँक्रीटचा ठोकळा साच्यातून काढला की तो पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. जितका पाण्यात मुरतो तितका मजबूत होतो, हे आमच्याकडे नवशिक्यालाही ठाऊक असतं. टोफूचं पाकीट उघडलं तर आत पाणीच. मी म्हटलं, वा, कारखानदार जाणकार दिसतोय. मी सारख्या मापाचे ठोकळे कापले, हिच्या मोठ्या पातेल्यात पाणी भरून त्यात सोडले आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत राहिलो. पातेल्याला तारखेची चिठ्ठीही लावली. हिने एकदा झाकण उघडून पाहिलं आणि यांना पोहायला घातलंय का, असं विचारलं. मी तिला मजबुतीचं शास्त्र समजावलं. तिने ऐकून घेतलं, कारण तिला दुसरं पातेलं घ्यायचं होतं आणि मी वाटेत उभा होतो.

मग ठोकळे एअर फ्रायरमध्ये घातले. यंत्र घुर्र करू लागलं, मी समोर स्टूल टाकून बसलो. काचेच्या छोट्या खिडकीवर वाफ जमली. वेळ संपल्याची घंटा वाजली, टोपली बाहेर ओढली, आणि आत पाहिलं तर ठोकळे होते तसेच, फक्त गरम आणि जरा दुखावलेले. चमचा मारला तर चमचा आत गेला.

अण्णा खोलीतून बाहेर आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तपासनीस कधी बोलावून येतो का? त्यांनी एक ठोकळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि "पाया कच्चा" असा शेरा दिला. शेरा पक्का करण्यासाठी दुसरा खाल्ला. मग तिसरा घेऊन खोलीत गेले. मी अपमानानं इतका तापलो होतो की यंत्राची गरज भासली नसती.

शेजारच्या वहिनींना भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं आणि त्या हे लपवतही नाहीत. त्या आल्या आणि म्हणाल्या, भावजी, त्यातलं पाणी काढायचं असतं, घालायचं नसतं. फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा. वहिनींनी टोफू कधी केला नव्हता, खाल्लाही नव्हता, पण त्यांचा आवाज असा असतो की समोरचा माणूस आपोआप लिहून घेतो. मी वजन ठेवलं. आधी इस्त्री, मग शब्दकोशाचे खंड, मग पाटा म्हणून वापरायची दगडी फरशी. पाणी एका कोपऱ्यातून निघे आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसे. शब्दकोशाचा एक खंड सोयाबीनच्या वासाचा झाला तो आजतागायत तसाच आहे. भार सगळीकडे सारखा पडत नाही, हे माझ्या लक्षात आलं. आणि सारखा भार टाकणारं यंत्र जगात कोणाकडे असेल तर ते माझ्याकडे होतं.

मी टोफू डब्यातून ऑफिसला नेला.

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते. मी यंत्राच्या प्लेटी पुसल्या, टोफू फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवला, भार यंत्राला लावता येईल तितका कमी लावला आणि कळ दाबली. आता हे यंत्र पुलाचे ठोकळे फोडायला बनवलेलं. त्याला कमी म्हणजे किती कमी, याची आपली अशी एक कल्पना होती. वरची प्लेट शांतपणे खाली आली, थांबली नाही, आणि ठोकळा होता तिथे एकदम काहीच उरलं नाही. जे होतं ते माझ्या सदऱ्यावर, चष्म्यावर आणि भिंतीवरच्या सुरक्षिततेच्या पाटीवर होतं. मी चष्मा पुसत असतानाच साहेब आत आले. बरोबर कुठलेतरी पाहुणे होते, मोठे कंत्राटदार. साहेबांनी प्लेटीवरचा पांढरा थर बोटानं उचलला, निरखून पाहिला आणि विचारलं, "हा नमुना कोणत्या पुलाचा?"

पाहुण्यांचा चेहरा पार उतरला. पूल बहुधा त्यांचाच चालू असावा. मी म्हटलं, घरचा आहे. साहेबांना वाटलं मी घर बांधतोय, आणि त्यांच्या नजरेत माझ्याविषयी जी कीव दाटून आली ती मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो. यंत्राच्या प्लेटीवर अन्नपदार्थ आढळला आहे, तरी संबंधितांनी लेखी खुलासा करावा. इतकी वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही, आणि आला तो टोफूपायी. खुलासा लिहायला बसलो तर सुचेना. खरं लिहावं तर वेडा ठरतो, खोटं लिहावं तर कोणतं? मी घरी ओट्याशी बसून कागद फाडत होतो, तेव्हा अण्णा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी कागद ओढून घेतला आणि लाल पेन मागितलं. माझी तीन वाक्यं खोडून त्यांनी एकच लिहिलं: "पदार्थाची मजबुती तपासताना यंत्राच्या क्षमतेचा अंदाज चुकला." साहेबांनी ते वाचलं आणि फाइलला लावून टाकलं. कारण अशी वाक्यं आमच्या फाइलींत ढिगानं आहेत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. कागद परत देताना अण्णांनी विचारलं, "ते जाऊ द्या. पाणी निघालं का?"

मी म्हटलं, पाणी निघालं, बाकीही सगळं निघालं.

"हं," अण्णा म्हणाले. "म्हणजे जोर करून जमणार नाही." आणि त्या रात्री जेवताना त्यांनी सूप संपवलं. विचार करता करता संपवलं असावं. माझं लक्ष नव्हतं. मी त्या पाण्याचाच विचार करत होतो.

मग वहिनी पुन्हा आल्या. त्यांच्या भावजयीच्या मैत्रिणीने टोफू आधी बर्फात गोठवला होता म्हणे. गोठवायचा, मग बाहेर काढून बर्फ वितळून सुटू द्यायचा आणि हातांनी हलकेच पिळायचा. मला हे ऐकून हसू आलं, कारण आमच्या धंद्यात पाणी गोठलं की काँक्रीटला भेगा जातात, आणि असा ठोकळा आम्ही हातातही धरत नाही. मी वहिनींना तसं सांगितलं. मग रात्रभर मला झोप लागेना. भेगा गेल्या तर पाण्याला वाट मिळेल, असं तर नाही? सकाळी उठून गुपचूप एक पाकीट फ्रीजरमध्ये टाकलं. वहिनींना कळू नये म्हणून भिंतीपासून लांबच्या बाजूनं.

आणि काय सांगू, ते जमलं. गोठून सुटलेला टोफू हातात घेऊन दाबला तर पाणी धो धो आलं आणि ठोकळा जागच्या जागी राहिला. मी अण्णांना हाक मारली. अण्णांनी स्वतः एक पिळून पाहिला, मग दुसरा. पिळलेल्या ठोकळ्याला बारीक बारीक छिद्रं पडली होती. आम्ही दोघं भिंग घेऊन खिडकीशी उभे राहिलो आणि ती छिद्रं बघत राहिलो. हिने दोनदा जेवायला हाक मारली. सासरा-जावई इतका वेळ एकमेकांशेजारी उभे असल्याचं आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. पण यश डोक्यात गेलं की माणूस हात दाखवून अवलक्षण करून घेतोच. लेप बाकी होता: सोया सॉस, मध, ठेचलेला लसूण, आलं, थोडं व्हिनेगर. प्रश्न असा की लेप केव्हा लावायचा. माझं उत्तर तयार होतं. भिंत ओली असतानाच गिलावा धरतो. वाळल्या भिंतीवर मारला तर पोपडे निघतात. मी ठोकळ्यांना कॉर्नफ्लोअर लावलं, वर ब्रशनं लेप चढवला, चांगला जाड, कोपरे सोडले नाहीत, आणि टोपली आत ढकलली.

मध आधी खाली ठिबकला. मग तापला. मग जळला. यंत्राच्या मागून काळा धूर निघू लागला. मी खिडकी उघडली आणि धूर ओढणारा पंखा लावला. नेमकं तेव्हाच हिने आंघोळीसाठी गीझर सुरू केला, वहिनींनी धूर बघून भिंतीपलीकडून ओरडत आपलाही पंखा लावला, आणि गच्चीवर पाण्याचा पंप चालू झाला. ठप्प. सगळी इमारत बंद पडली. शांतता पसरली, आणि त्या शांततेत कुठूनतरी खालून, दोन मजल्यांच्या मधून, सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज आला. ते लिफ्टमध्ये होते.

सेक्रेटरी तसे सज्जन आहेत, पण त्यांना नियम नसलेली जागा सहन होत नाही, आणि अडकलेल्या लिफ्टमध्ये काय करावं याचा नियम त्यांनी अजून केलेला नव्हता. मी फ्यूजच्या खटपटीत. अण्णा लिफ्टच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि दाराच्या फटीतून त्यांच्याशी बोलत राहिले. घाबरू नका, खोल श्वास घ्या, शाळा कोणती तुमची, गणिताचे मास्तर कोण होते. लिफ्ट सुरू झाली तेव्हा सेक्रेटरी बाहेर आले ते रागानं लाल होऊन, पण अण्णांना नमस्कार करूनच.

मग सुरू झाला नियमांचा घोळ. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज करा. मी केला. अर्ज परत आला, कारण सोसायटीच्या नियमांत गरम हवेच्या यंत्राचा उल्लेख नाही, म्हणून परवानगी देता येत नाही. मी विचारलं, मग मनाई आहे का? तर उल्लेख नाही, म्हणून मनाईही करता येत नाही. मग आता? आता कमिटी बसेल. कमिटी बसली. एका सभासदाने विचारलं की हे यंत्र पेट घेतं का, दुसऱ्याने विचारलं की टोफू म्हणजे अंड्याचं काही असतं का, तिसरा म्हणाला की हे सगळं सोडा आणि पार्किंगचं बोला. शेवटी ठराव झाला: लिफ्ट बंद ठेवूनच यंत्र चालवावं, आणि तेवढा वेळ लिफ्टपाशी एका जबाबदार प्रौढ व्यक्तीने बसावं.

"मी बसतो," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, अण्णा, कशाला, दगदग होईल. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं खुर्ची खाली नेऊन ठेवली. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, आणि डॉक्टरांनी थोडं चढ-उतार करायला सांगितलंच होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी यंत्र लागलं की अण्णा स्वच्छ सदरा घालून खाली बसू लागले. कोणी लिफ्टकडे वळलं की हात वर. "थांबा. वर ठोकळे तापताहेत." लोक थांबत. थांबल्यावर विचारत, कसले ठोकळे? मग अण्णा सांगत. पाणी, छिद्रं, भार, सगळं. वरच्या मजल्यावरची माणसं आपापला सल्ला देऊन जिन्यानं जात, आणि अण्णा तो माझ्यापर्यंत पोचवत, खाली स्वतःचा शेरा जोडून. ठोकळे चिकटतात? एकमेकांना लागू देऊ नका, परीक्षेला बसवतात तसे लांब लांब बसवा. कॉर्नफ्लोअर ओलं होतं? आधी फडक्यानं टिपा, मग लावा. फसलेले ठोकळे ते बशीत घेऊन खाली जात. नमुना म्हणून, असं म्हणत. बशी रिकामी परत येई. सूपही आता आपण होऊन मागत, कारण खाली वारं असतं आणि पोटात काहीतरी हवं. एकदा तर येता येता त्यांनी नळ गळतोय असं सांगितलं. ही माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, नळाला हसली.

लेपाचा उलगडा अण्णांनीच केला. म्हणाले, "जावईबापू, शाबासकी परीक्षेनंतर देतात. आधी दिली की पोरगं बिघडतं." म्हणजे लेप शेवटी. ठोकळे कोरडेच भाजायचे, लेप वेगळा कढवून दाट करायचा, आणि अगदी शेवटी दोघांची गाठ घालायची. इतकं साधं होतं. मी गिलाव्याला धरून बसलो होतो.

आणि महिन्याच्या शेवटी ते झालं. गोठवलेला, सुटलेला, पिळलेला, टिपलेला टोफू. कॉर्नफ्लोअरचा पातळ हात. डॉक्टरांनी मोकळीक दिली होती तेवढं, ब्रशच्या टोकावरचं तेल. ठोकळे लांब लांब बसवले. मधे एकदा टोपली हलवली. एकीकडे कढल्यात लेप रटरटत होता, लसणाचा वास भिंतीपलीकडे गेला आणि वहिनी आल्याच. लिफ्ट पुन्हा चालू करायची का, हे विचारायला सेक्रेटरी आले आणि दारातच उभे राहिले. मी टोपली काढली. ठोकळे सोनेरी. एकावर चमचा मारला. टक्क.

मी ते लेपात घोळवून बशीत काढले आणि बशी अण्णांपुढे ठेवली. अण्णांनी एक उचलला, उजेडात फिरवून पाहिला, तोंडात टाकला. कुर्रम. आवाज सगळ्यांनी ऐकला. हिने ओठ घट्ट मिटले होते.

अण्णांनी सावकाश चावून संपवला, रुमालानं बोटं पुसली. "जमलं," ते म्हणाले. "उत्तम. काही बोलायला जागा नाही." मग ते हिच्याकडे वळले. "माझी बॅग काढ. उद्या निघतो."

मला वाटलं मी चुकून काही वेगळं ऐकलं. "अण्णा, अहो, आता तर कुरकुरीत झालं," मी म्हणालो.

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. चिडून नाही, अगदी समजुतीनं. "ज्या वर्गात सगळं बरोबर असतं तिथे तपासनीस बसून राहत नाही. उगाच अडचण होते. तुमचं तुम्हाला जमलं. माझं आता इथे काय काम?"

सेक्रेटरींनाही नियम आठवेना. ही तशीच उभी होती, हातात फडकं घेऊन, आणि माझ्याकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी महिनाभर या माणसाला कुरकुरीत खाऊ घालायला धडपडत होतो, आणि तो महिनाभर मऊ, कच्चं, जळकं, जे फसलं ते सगळं बशीबशीनं खात होता. सूप पीत होता, जिना चढत होता, लोकांना अडवत होता. त्याला मोडायला काही हवं होतं, पण ते दाताखाली नव्हे. आणि मी शहाणा, सगळ्या चुका दुरुस्त करून बसलो.

माझ्या नोकरीत लोकांनी मला विनवण्या केल्या आहेत, दम दिले आहेत, कोणीकोणी पायही धरले आहेत. कमी भाराला फुटलेल्या ठोकळ्याला मी कधी पास म्हटलेलं नाही, आणि टिकलेल्याला नापास म्हणायची तर वेळच कधी आली नाही. अहवालात मी एक आकडा कधी फिरवला नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवतही नाही.

मी बशीतला एक ठोकळा उचलला. दोन बोटांत दाबला. चावला. बाहेरून काचेसारखं कवच, आत मऊ, वर आंबटगोड लेप. इतका चांगला ठोकळा माझ्या हातून पुन्हा होईल की नाही, कोण जाणे. मी शक्य तितका गंभीर चेहरा केला.

"नापास," मी म्हणालो. "आत ओल आहे."

वहिनींनी तोंड उघडलं. हिने त्यांचा हात दाबला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. चाळीस पोरांच्या वर्गात खोटं कोण बोलतंय हे शेवटच्या बाकावरून ओळखणारा माणूस तो. त्याच्यापुढे माझी काय डाळ शिजणार? माझ्या कानांना घाम फुटला. मग त्यांनी बशीतला दुसरा ठोकळा घेतला आणि तोंडात टाकला. तो त्यांच्या दाताखाली एवढ्या जोरानं मोडला की दारातले सेक्रेटरी दचकले.

"आहे," अण्णा म्हणाले. "चांगलीच ओल आहे. मला मघाशीच कळलं होतं, पण म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल." त्यांनी बशी मांडीवर ओढून घेतली. "हा सगळा घाणा तपासावा लागेल. आणि बॅग राहू दे गं, उद्या परत लिफ्टपाशी बसायचंय."